माझा भाऊ मागून येतोय

आत्याबरोबर चालणं ही लहानपणी मला शिक्षा वाटायची. रस्ता वळला की ती थांबणार, मागे वळणार आणि आपण जिथून आलो त्या रस्त्याकडे निवांत बघत उभी राहणार. मागून येणारी माणसं तिच्यावर आदळायची, सायकलवाले घंट्या वाजवायचे, मी तिचा हात ओढायचे. तिच्यावर ढिम्म परिणाम व्हायचा नाही. बघून समाधान झालं की म्हणायची, "चला घाईबाई." घाईबाई म्हणजे मी. पन्नाशी उलटली तरी हे नाव मला चिकटलेलं आहे, आणि ते सुटावं असं मी काही केलेलंही नाही.

सारखं मागे काय बघतेस, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "जाताना दिसतो तो रस्ता वेगळा आणि येताना दिसतो तो वेगळा. परत यायचंय ना? मग येतानाचा रस्ता आत्ताच बघून ठेव." कोपऱ्यावरून पाव आणायला गेलो तरी हेच. आत्याला कोपऱ्यावरून घरी यायला तासभर लागतो, अशी आमच्याकडे थट्टा चालायची. थट्टेत माझा आवाज सगळ्यांत मोठा असे.

आत्या इस्पितळात कामाला होती. नर्स वगैरे नव्हे. तळघरात कपड्यांची खोली होती, तिथे. वर माणसं दुरुस्त व्हायची आणि खाली आत्या चादरी दुरुस्त करायची. खोलीला खिडकी नव्हती. छताखालून गरम पाण्याचे जाड पाइप गेलेले, भिंतीला उंच कपाटं, मधे लांबलचक टेबल आणि टेबलाच्या टोकाला पायाने चालवायचं शिवणाचं मशीन. धुऊन आलेली प्रत्येक चादर ती दिव्यासमोर धरायची. जिथून जास्त उजेड येईल तिथे कापड विरलेलं. माणूस मधोमध झोपतो, त्यामुळे चादर मधेच विरते आणि कडा नव्याच्या नव्या राहतात. मग आत्या ती उभी फाडायची, दोन्ही कडा मधे आणून जोडायची आणि विरलेला भाग बाहेरच्या बाजूला टाकायची. चादर पुन्हा कामाला लागायची. अगदीच संपलेल्या चादरींच्या उशांच्या खोळी व्हायच्या आणि खोळी संपल्या की फरशी पुसायची फडकी. शाळा लवकर सुटली की मी त्या टेबलाखाली बसून साबणाचा आणि इस्त्रीचा वास घेत असे.

तिने लग्न केलं नाही. का, म्हणून मी एकदा विचारलं होतं. "राहून गेलं," म्हणाली, एखादं बटण लावायचं राहून जावं तसं. तिच्या मागे धाकटा भाऊ एकटाच, म्हणजे माझे बाबा. बाबा विमा कंपनीत होते. जन्मभर अपघातांच्या फायली वाचल्यामुळे जगातला प्रत्येक जिना त्यांना पडण्यासाठीच बांधलेला दिसे. आगपेटी ओली करून ठेवता येत नाही याचं त्यांना मनापासून दुःख होतं.

अशा माणसाची बहीण एकटी गावोगाव फिरायला लागली ती ठरवून नव्हे. कपड्यांच्या खोलीत इस्त्री करणारी तिची एक मैत्रीण होती. दोघींनी मिळून आठवडाभर कुठल्याशा तळ्याकाठच्या गावी जायचं ठरवलं. निघायच्या सकाळी आत्या बसस्टँडवर पोचली आणि मैत्रिणीचा निरोप आला की सासूबाई पाय घसरून पडल्या, मी येत नाही. बस सुरू झालेली. आत्या दारापाशी उभी. कंडक्टर ओरडला, "बाई, चढताय की नाही?"

"त्याच्या आवाजात इतका वैताग होता, की मी घाबरून चढले," आत्या सांगायची. "माझं सगळं फिरणं त्या वैतागाच्या कृपेने."

तिथे लॉजच्या काउंटरवरच्या माणसाने तिला वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "एकट्याच?" त्या एका शब्दात त्याने किती काय काय विचारलं ते बायकांना सांगायला नको. आत्याच्या तोंडून निघून गेलं, "नाही, माझा भाऊ मागून येतोय." किल्ली मिळाली. मग ती खोलीत कडी लावून बसली. खाली जाऊन चार लोकांत एकटीने जेवायचं तिला जमेना. सगळे आपल्याकडे बघतील असं वाटलं. ती उपाशी झोपली आणि उशीत तोंड खुपसून रडलीसुद्धा. सकाळी भुकेने बाहेर काढलं तेव्हा पोटभर खाल्लं, मग भटकली आणि हरवली. तोच तो पाण्याचा पंप, तीच निळी दारं, पुन्हा पुन्हा. दुपारी कुणीतरी लॉजपाशी आणून सोडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की निघताना आपण एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं. लॉज तिने पाहिला होता तो फक्त समोरून. बाजूने तो ओळखताच आला नाही.

त्यानंतरच्या दिवशी ती तळ्याच्या कठड्यावर पाव आणि उकडलेली अंडी घेऊन बसली. तिला तिथे कोणी ओळखत नव्हतं आणि कोणाला तिच्याकडून काही नको होतं. "गळका नळ बंद केल्यावर कळतं ना, इतका वेळ तो आवाज चालू होता ते? तसं झालं," ती म्हणायची. "मला माझा आवाज कळला. बरा होता."

मग दरवर्षी एक आठवडा, दरवर्षी नवं गाव. बाबा आधी चिडले, मग अबोला धरून बसले, मग नकाशात बघून त्या गावात पूर आला होता का याची चौकशी करू लागले. प्रत्येक लॉजच्या काउंटरवर आपण 'मागून येतोय' हे त्यांना पुष्कळ वर्षांनी जेवताना कळलं, तेव्हा त्यांचा घास हातात राहिला.

"माझ्या नावावर खोटं बोलतेस? ताई, मी आयुष्यात कुठे गेलेलो नाही!"

"म्हणूनच तर," आत्या म्हणाली. "जाऊन आलास, असं समज की."

तिने कधी फोटो काढले नाहीत आणि भेटवस्तू आणल्या नाहीत. आणायची ती काहीतरी रीत. कुठल्या गावात ओला टॉवेल कसा पिळून दोरीवर कसा टाकतात, कुठे फाटक्या जाळीला कसला टाका घालतात. ती रीत सोमवारी तळघरात सुरू व्हायची. इस्पितळातल्या एका मजल्याचे पडदे ज्या टाक्याने शिवलेले होते तो टाका एका कोळणीकडून आला होता. वर पडलेल्या रोग्यांना त्याचा पत्ता नव्हता.

हळूहळू लोक तिच्याकडे विचारायला येऊ लागले. आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहायची. नवी नोकरी, पहिली रजा, पहिल्यांदाच एकटीने फिरायला निघालेली. आत्या आमच्याकडे आलेली पाहून ती भली मोठी बॅग घेऊनच खाली आली आणि विचारू लागली, कुठलं हॉटेल, कुठली ठिकाणं बघू, किती दिवस कुठे. आत्याने तिला खुर्चीवर बसवलं. "बॅग मांडीवर घे."

पोरीने घेतली. बॅगेच्या वर तिच्या फक्त भुवया दिसत होत्या.

"समोरची खिडकी दिसते?"

"नाही."

"मग बसमध्येही दिसणार नाही. खिडकी दिसेल इतकीच बॅग ने." आणि आत्याने बॅग उघडून निम्मे कपडे बाहेर काढले. काढता काढता बोलत होती. "पोचशील ती उजेडात पोच. अंधारात गाव नीट कळत नाही, सगळंच भीतीचं वाटतं. पहिल्या दिवशी काहीसुद्धा बघू नकोस. चहा कुठे मिळतो आणि परत कसं यायचं, एवढं कळलं की तो दिवस वसूल. आणि जेवलीस तिथेच दुसऱ्यांदा जेव. पहिल्यांदा तू गिऱ्हाईक असतेस, दुसऱ्यांदा ते विचारतात, काल आला होतात ना? झाली ना त्या गावात एक ओळख? तेवढी पुरते."

"आणि रस्ता चुकले तर?"

"चुकशीलच. चालणाऱ्याला विचारू नकोस, त्याला घाई असते, तो हात दाखवून मोकळा होतो. जो काम करत उभा आहे त्याला विचार. दुकान झाडणारा, गाडी धुणारा. तो रोज तिथेच असतो. आणि एकाचं ऐकून निघू नकोस, दुसऱ्यालाही विचार."

"आणि लॉजवर कोणी विचारलं, एकट्याच का, तर?"

आत्या हसली. "तुला भाऊ आहे?"

"नाही."

"माझा घेऊन जा. तो सगळ्यांच्या मागून येतो."

आतल्या खोलीत बाबांनी वर्तमानपत्र जोरात झटकल्याचा आवाज आला.

आत्या निवृत्त झाली आणि बाबांच्या घरीच राहायला आली. आई त्याआधीच गेली होती, त्यामुळे दोघं भावंडं म्हातारपणी पुन्हा एका छपराखाली. मी दोन गल्ल्या सोडून. शिवणाचं मशीन तिने खिडकीपाशी मांडलं. जन्मभर बिनखिडकीच्या खोलीत काढल्यावर तेवढा हक्क होता तिचा.

तिथेच ते पहिल्यांदा दिसलं. एके दिवशी मी गेले तर ती हातात उशीची खोळ घेऊन बसली होती. चारही बाजू शिवलेल्या. नेटका, एकसारखा टाका, आणि उशी घालायला जागाच नाही. आम्ही दोघी खूप हसलो. मग ती हसायची थांबली आणि खोळ उलटीपालटी करत राहिली. "अशा किती शिवल्या असतील मी जन्मात," ती म्हणाली. "हात कसा चुकला?"

मग गॅस चालू राहू लागला, तीच गोष्ट पुन्हा सांगितली जाऊ लागली. आणि एका दुपारी मी छापखान्यातून घरी येत असताना (मी तिथे मुद्रितं तपासते, दुसऱ्यांच्या चुका काढणं हे माझं पोटापाण्याचं काम) आत्या बाबांच्या घराच्या कोपऱ्यावर उभी दिसली. हातात पावाची पिशवी. ती मागे वळून बघत होती, पुढे बघत होती, पुन्हा मागे. मला बघून तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरू शकत नाही. इतकी सुटका मी कोणाच्या तोंडावर पाहिलेली नाही. "येतानाचा रस्ता दिसतच नाहीये गं," ती म्हणाली. घर समोर होतं.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं. हे वाढत जाणार, किती वेगाने ते सांगता येत नाही; एकटीला बाहेर सोडू नका. बाबांनी ऐकलं आणि घरी आल्या आल्या आत्याची फिरायची बॅग, तिने स्वतः जाड कापडाची शिवलेली, कपाटावर टाकली.

आत्याचा फिरायचा आठवडा जवळ आला. ती बॅगेबद्दल काही बोलली नाही. रोज सकाळी आंघोळ करून बाहेरचे कपडे घालायची आणि दाराजवळच्या खुर्चीत बसायची. हात मांडीवर, मधे बॅगेएवढी जागा सोडून. बाबा तिच्यासमोरून ये-जा करायचे, खाकरायचे. चार-पाच दिवस हे चाललं. शेवटी त्यांनी मला बोलावून घेतलं, समजूत घालायला.

"ताई, हट्ट सोड," बाबा म्हणाले. "आपल्या कोपऱ्यावर तू हरवलीस. परक्या गावात काय होईल?"

"अगं, पाहिजे तर त्या तळ्याच्या गावी जाऊ," मी म्हटलं. "तुझ्या ओळखीचं आहे. आपण तिघं जाऊ."

आत्याने मान हलवली. "ओळखीचं गाव आता माझ्या कामाचं नाही. तिथे गेले की आठवायला लागणार. इथे काय होतं, तिथे काय होतं. आठवलं नाही की तुम्ही माझ्याकडे बघणार. घरात तेच चालू आहे. डबा कुठे ठेवला, आठवलं नाही की तुम्ही दोघं एकमेकांकडे बघता. मला दिसतं ते. नव्या गावात कोणालाच रस्ता माहीत नसतो. मी विचारलं, की स्टँड कुठे, तर कोणी म्हणत नाही, की बाईचं डोकं गेलं. म्हणतात, पाहुणी आहे. नव्या गावात रस्ता माहीत नसणं हा आजार नसतो, धाकट्या. मला एकदा आणखी पाहुणी व्हायचंय. पुढच्या वर्षी मला तेही कळणार नाही."

मला रडू आलं आणि ते लपवायला मी पाणी प्यायला गेले. परत आले तर बाबा स्टुलावर चढून कपाटावरची बॅग काढत होते. स्टुलावर चढलेले बाबा मी त्याआधी कधी पाहिले नव्हते.

दारापर्यंत मला सोडायला आले तेव्हा मात्र कानाशी लागले. "जाऊ दे तिला. आपण मागून जायचं. तिला कळू द्यायचं नाही."

तर अशी आमची हेरगिरी. आत्याला मी स्टँडवर बसमध्ये बसवलं, ड्रायव्हरच्या मागची सीट, मांडीवर बॅग. हात हलवला आणि कोपऱ्यामागे बाबा रिक्षा घेऊन थांबले होते तिथे धावले. पुढच्या थांब्यावर आम्ही मागच्या दाराने चढलो. बाबांनी भुवयांपर्यंत लोकरी टोपी ओढली होती, वर काळा चष्मा. सोबत चाकांची सुटकेस, जिच्यात औषधं, विजेरी, शिट्टी आणि दोरी होती.

"दोरी कशाला?"

"असावी."

नदीकाठचं गाव होतं, बऱ्यापैकी मोठं. उजेडात पोचलो. आत्या उतरली, तिने स्टँडच्या इमारतीकडे शांतपणे बघून घेतलं आणि बाजाराच्या रस्त्याने चालू लागली. आम्ही पंचवीसेक पावलं मागे. सुटकेसची चाकं फरशीवर खडखडत होती. पहिलं वळण आलं.

आणि ती थांबली, मागे वळली.

तिची ही सवय आम्हाला जन्मभराची ठाऊक. तिच्यावर आम्ही विनोद केले, नकला केल्या. आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, की वळणावर मागे बघणाऱ्या बाईचा पाठलाग करता येत नाही. मी एका हातगाडीमागे बसले. बाबा जवळच्या दुकानाच्या काचेला नाक लावून उभे राहिले. दातांच्या डॉक्टरचा दवाखाना होता तो. काचेत कवळ्या मांडलेल्या होत्या. बाबा त्या कवळ्यांकडे असे बघत होते, जणू त्यातली एक निवडून घरी न्यायची आहे.

हातगाडीच्या चाकांमधून मला आत्याचा चेहरा दिसत होता. तिची नजर रस्त्यावरून फिरली, पाट्यांवरून, गच्चीवरच्या टाकीवरून, बाबांवरून. बाबांवरून ती तशीच पुढे गेली. मग ती वळली आणि चालू लागली.

बाबा माझ्याजवळ आले. टोपीखाली चेहरा पांढरा पडलेला. "ओळखलं नाही तिने मला."

"वेष बदललाय ना तुम्ही."

"माझी बहीण आहे ती," बाबा म्हणाले. आणि सुटकेस ओढत ते लॉजपर्यंत तिच्या मागे निघाले.

लॉजच्या दाराबाहेर जिना होता, त्याच्या आडोशाला आम्ही उभे राहिलो. आत काउंटरवर एक बाई होती. तिने विचारलं, "एकट्याच का?"

"नाही," आत्याचा आवाज आला. "माझा भाऊ मागून येतोय."

बाबांनी सुटकेसची मूठ घट्ट धरली. त्यांना हे वाक्य ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं.

समोरच्या लॉजमध्ये आम्ही रस्त्याकडची खोली घेतली. आत्या त्या दिवशी कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात जाऊन आली, बास. पहिल्या दिवशी काही बघायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती निघाली आणि आम्ही मागून. ती पुलावर गेली, नदी बघत बसली. दोरीवर वाळत घातलेली कुणाची तरी चादर तिने थांबून दोन बोटांत धरून पाहिली. एका बाकावर बसून पाव खाल्ला. तिच्या खांद्यांकडे बघून मला कळत होतं, की घरात ती किती आक्रसून राहत होती.

परतताना मात्र एक चौक आला. चार रस्ते, चारही सारखेच. आत्या मधे उभी राहिली. एका रस्त्याला लागली, थांबली, परत आली. दुसऱ्याकडे बघितलं. हात बॅगेच्या पट्ट्यावर गच्च. मला आमचा कोपरा आठवला, तो चेहरा आठवला, आणि मी निघाले. बाबांनी माझं मनगट धरलं.

"थांब."

"बाबा, ती हरवलीय!"

"थांब म्हणतो ना. तिला बघू दे."

हे कोण बोललं? ज्यांनी मला दहावीपर्यंत रस्ता एकटीने ओलांडू दिला नाही, ते बाबा. त्यांनी पकड सोडली नाही. आत्या सावकाश मागे वळली. या वेळी आम्हाला लपायला हातगाडी नव्हती, कवळ्या नव्हत्या. भर रस्त्यात आम्ही दोघं उभे. तिने आमच्या दिशेने बराच वेळ बघितलं. मग ती पुढे वळली आणि दुकानाचं शटर पुसणाऱ्या एका बाईजवळ गेली. काहीतरी विचारलं. बाईने डावीकडे हात केला. थोडं पुढे गाडी धुणारा एक माणूस होता, त्यालाही विचारलं. त्यानेही तिकडेच हात केला. आत्या त्या रस्त्याने चालू लागली, आणि आता तिची चाल आपली रोजची होती.

बाबांनी माझं मनगट सोडलं तेव्हा त्यावर बोटांचे वळ उठले होते.

ती लॉजवर गेली नाही. सरळ चहाच्या दुकानात गेली, कालच्याच टेबलाशी. आम्ही बाहेर खांबामागे. दुकानदार हसून काहीतरी बोलला. काल आला होतात ना, असंच असणार. त्याने चहा आणून ठेवला. तीन कप.

आत्याने दाराकडे न बघताच आवाज दिला. "या आता. निवतोय."

आम्ही चोरासारखे जाऊन बसलो. बाबांनी टोपी काढली. केस सगळे उभे राहिले होते.

"कधी पाहिलंस?" त्यांनी विचारलं.

"पहिल्याच वळणावर. कवळ्या बघत होतास. तुझे दात तर सगळे शाबूत आहेत."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही शेजारी येऊन चालला असता. एकाने हात धरला असता, दुसऱ्याने बॅग. मागेच बरे होतात." तिने कप फुंकला. "आत्ता त्या चौकात मला काहीच कळेना, धाकट्या. कुठून आले, कुठे जायचंय, काहीच नाही. पांढरं झालं सगळं. घरी होतं तसं. मग मागे वळले. तू उभा होतास. म्हटलं, तो तिथे आहे म्हणजे मी तिकडूनच आले. एवढं कळल्यावर पुढचं विचारता येतं."

बाबांनी कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

"इतकी वर्षं सांगत होते सगळ्यांना," आत्या म्हणाली, "आलास एकदाचा."

आठवडा पुरा केला आम्ही. ती पुढे, आम्ही मागे, संध्याकाळी तीन कप चहा. दोरी लागली नाही. घरी आल्यावर बाबांनी ती सुटकेस मला देऊन टाकली. मी ती पोटमाळ्यावर टाकली आहे, कारण त्यानंतर मी दोनदा एकटीने फिरायला गेले ते मांडीवर मावेल अशी बॅग घेऊन. वळणांवर थांबून मागे बघते. लोक आदळतात. आदळू देत.

त्याला आता तीन वर्षं होतील. आत्याचं गावोगाव फिरणं संपलं. मशीनवर कापड झाकलेलं आहे. पण रोज सकाळी ती बाहेरचे कपडे घालते, बॅग खांद्याला लावते आणि निघते, आणि बाबा टोपी घालून मागून. शेजारी चालत नाहीत. किती अंतर ठेवायचं ते त्यांना बरोबर जमलं आहे. वळण आलं की ती थांबते, मागे बघते. बाबा टोपी उचलून दाखवतात. ती पुढे जाते. चहाच्या दुकानापर्यंत आणि परत. वाटेतल्या माणसांना सवय झाली आहे.

मागच्या आठवड्यात मी बाबांबरोबर होते. कोपऱ्यावर नवं दुकान निघालं आहे. त्या दुकानदारीणबाई नव्याच, पायऱ्या झाडत होत्या. आत्याला बघून म्हणाल्या, "एकट्याच निघालात का, आजी?"

"नाही," आत्या म्हणाली. "माझा भाऊ मागून येतोय."

बाईंनी कौतुकाने मागे पाहिलं. "कोणते हो? हेच का?"

आत्या वळली. बाबांनी टोपी उचलली आणि तशीच हातात धरून उभे राहिले. तिने त्यांच्याकडे नीट, नेहमीसारखं, पोटभर बघितलं. मग बाईंकडे वळून जरा ओशाळं हसली.

"येईलच आता," ती म्हणाली आणि चालू लागली.

बाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली, भुवयांपर्यंत ओढली आणि ते तिच्या मागून निघाले.